परदेश कोठून सुरू होतो?

मराठीतील चर्चासत्रांना गेली काही वर्षे एका नव्या नायिकेचा लळा लागला आहे. ही नायिका बहुभाषक आहे, स्त्रीवादी आहे, परदेशातील विद्यापीठात अध्यापन करते आणि दोन संस्कृतींच्या मधल्या जागेत राहते. होमी भाभा यांचे संस्कृतीच्या स्थानासंबंधीचे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर ‘संकर’, ‘आंतरस्थिती’, ‘विस्थापन’ ही संज्ञासंपदा आपल्याकडे हळूहळू, बहुधा इंग्रजी विभागाच्या दाराने, उतरली. आता ही नायिका व्यासपीठावर आली की सभागृहात दोन तट पडतात. एका तटाला तिचे मधल्या जागेत असणे हेच ज्ञान वाटते. जिने दोन संस्कृती पाहिल्या तिला दोन्हींचे मर्म कळले, असे हा तट गृहीत धरतो. दुसऱ्या तटाला तेच असणे उपरेपणाचे लक्षण वाटते. जी येथे राहत नाही तिने येथल्या स्त्रीविषयी बोलू नये, असा त्याचा आग्रह असतो. दोन्ही तटांचे एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत आहे. दोघेही तिचा पत्ता पाहून तिचे मूल्यमापन करतात. पत्त्यावरून मजकुराची वर्गवारी करण्याची ही रीत टपालखात्याला शोभते; समीक्षेला ती शोभत नाही.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. दोन संस्कृतींमध्ये वावरणाऱ्या या अभ्यासक स्त्रीने आपल्या वावरण्याचा हिशेब कोणाला दिला? कोणत्या भाषेत दिला? तिकडच्यांना इकडचा हिशेब दिला असेल, तर इकडच्यांना तिकडचा दिला काय? या प्रश्नाला मराठीत भक्कम पूर्वपरंपरा आहे, आणि ती विसरली गेल्यामुळेच आज उसन्या संज्ञांची इतकी धांदल उडालेली दिसते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अगदी जवळचे आहे, आणि कदाचित म्हणूनच ते नीट पाहिले गेलेले नाही. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थाटनात गेले. संस्कृत त्या घरात शिकल्या असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः त्या ते रस्त्यावर शिकल्या. मराठी ही मायबोली, कानडी, हिंदी आणि बंगाली या वाटेवरच्या भाषा, इंग्रजी प्रौढपणी मिळविलेली, आणि उतारवयात बायबलच्या मराठी भाषांतरासाठी हिब्रू व ग्रीक. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटले तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती मराठीत. इंग्रजीत नेण्याचे काम आयोगाकडे राहिले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा प्रवासाचा खर्च ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला होता. परदेशगमनाचे भाडे मराठी वाचकांनी भरले, ही घटना सांकेतिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. जिचे भाडे वाचकांनी भरले ती परतून काय सांगते, हे विचारण्याचा हक्क त्यांना होता, आणि रमाबाईंनी तो मानला.

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले. तेथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकविण्याची शक्यता निर्माण होताच मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर हिच्या कार्यावर त्याचा विपरीत परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एका ब्राह्मण कन्येने परपुरुषांना शिकवू नये, ही चिंता या वेळी पुण्यातील सनातन्यांना नसून इंग्लंडच्या चर्चला होती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि दोन संस्कृतींमधील वास्तव्य म्हणजे काय हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने उत्तर-वसाहतवादावरील दहा पुस्तके बाजूस ठेवून आधी ती पत्रे वाचावीत. क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्याला त्यांचा आक्षेप होता. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे संस्कृतात नाही, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. त्यांनी धर्म स्वीकारला होता. त्या धर्माबरोबर येणारी भाषेची उतरंड मात्र त्यांनी स्वीकारली नव्हती. ज्याला आज ‘प्रतिकार’ म्हणतात तो त्या पत्रांत असा एका अक्षराच्या वादात आहे.

पण पत्रांपेक्षा महत्त्वाची आहेत ती दोन पुस्तके. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. पुढच्याच वर्षी तेथून त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले: उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी, अमेरिकन वाचकांसाठी. १८८९ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध केले: अमेरिकेविषयी, मराठी वाचकांसाठी. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे, असे दोन स्वतंत्र हिशेब दोन स्वतंत्र भाषांत दोन वर्षांच्या अंतराने दिले गेले. दोन्ही ठिकाणी सूर वेगळा आहे, कारण समोरचा माणूस वेगळा आहे. इंग्रजी पुस्तक मदत मागते, आणि मदत मागणाऱ्याला जे करावे लागते ते त्यातही झालेले आहे. स्वदेशाचे दुःख परक्यांपुढे मांडताना ते एकरंगी होते. तरीही शीर्षकातच ‘उच्चवर्णीय’ हा शब्द घालून लेखिकेने आपल्या अधिकाराची मर्यादा सांगून ठेवली होती. ‘हिंदुस्थानातील स्त्री’ असे म्हणण्याचा मोह त्यांनी टाळला. मराठी पुस्तकाला मदत मागायची नव्हती. तेथे त्या अमेरिकेची स्तुती काहीशा जास्तच उत्साहाने करतात हे खरे; लोकसत्ताक राज्याने आणि तेथील स्त्रियांच्या संघटित कामाने त्या भारावल्या होत्या. पण त्याच पुस्तकात तेथील मूळ रहिवाशांवरील अन्याय आहे, गुलामगिरी आहे, वर्णद्वेष आहे, आणि त्या प्रगत देशातही स्त्रीला राजकीय हक्क कसे नाकारले जातात याची तपशीलवार नोंद आहे. वसाहतीतील प्रजाजन पाश्चात्त्यांचे निरीक्षण करून ते आपल्या लोकांना सांगते आहे, ही दिशा १८८९ मध्ये फार थोड्यांनी धरली होती.

या दोन पुस्तकांचे पुढे काय झाले? इंग्रजी पुस्तक अभ्यासक्रमांत गेले. मराठी पुस्तक ‘प्रवासवर्णन’ या खणात टाकून मराठी वाङ्मयेतिहास मोकळे झाले. रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा करण्यात मराठी समीक्षेने जेवढी शाई खर्च केली तिच्या दहाव्या हिश्शाने त्यांच्या गद्याची केली नाही. शेवटी २००३ मध्ये या मराठी पुस्तकाची दोन इंग्रजी भाषांतरे एकाच वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांतले एक मीरा कोसंबी यांचे. म्हणजे मूळ पुस्तकानंतर तब्बल ११४ वर्षांनी. त्यानंतरच, म्हणजे इंग्रजीने पावती दिल्यावर, आपल्या चर्चासत्रांत ‘अमेरिकेकडे रोखलेली नजर’ हा विषय निघू लागला. मराठीत लिहिलेल्या पुस्तकाचे महत्त्व मराठीला इंग्रजीतून कळावे, या उलट्या वाटेचे दूषण परदेशातील प्राध्यापिकेला देता येत नाही. ते ज्यांच्या दारात पुस्तक होते त्यांच्याकडेच जाते.

दुहेरी हिशेबाची ही रीत रमाबाईंवर संपली नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या असममितीवर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि ज्या मार्गदर्शकाच्या हाताखाली लिहिला त्या ऑयगेन फिशर यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला त्यांच्या निष्कर्षांनी आधार दिला नाही. नातेसंबंधांवरील त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आहे, ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ मराठीत. ‘युगान्त’ १९६७ मध्ये मराठीत आले आणि दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी रूप लेखिकेनेच सिद्ध केले. जागतिक मानववंशशास्त्राला द्यायचा हिशेब एका वहीत आणि मराठी वाचकाला द्यायचा दुसऱ्या वहीत; एका वहीतले दुसऱ्या वहीत न्यायचे तर ते नव्याने लिहायचे. इरावतीबाईंच्या घरात ही गोष्ट इतकी सहज होती की त्यांची कन्या गौरी देशपांडे यांनी वाटच उलट धरली. इंग्रजी साहित्याच्या त्या प्राध्यापक, इंग्रजीत कवितासंग्रह प्रसिद्ध झालेल्या कवयित्री. आणि कथा-कादंबऱ्या लिहायच्या तेव्हा आल्या मराठीत. ‘तेरुओ’ची नायिका जपानमध्ये आहे, इतर नायिकाही बऱ्याचदा देशाबाहेर असतात.

गौरी देशपांडे यांच्यावर मराठी समीक्षेने घेतलेला ठराविक आक्षेप सर्वांना ठाऊक आहे: या नायिका सुखवस्तू आहेत, विमानाने हिंडतात, त्यांच्या दुःखाला मातीचा वास नाही. आक्षेपातील वर्गीय भाग खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. पण त्यातला मातीचा भाग तपासून पाहण्यासारखा आहे. देशीवादाची मांडणी १९८३ मध्ये करणारे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, आणि त्याआधी लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत त्यांनी अध्यापन केलेले. लंडनच्या धुक्याने त्यांच्या मुळांना बुरशी लागली अशी शंका कोणी घेतली नाही, आणि घेऊही नये. पुरुष परदेशी जाऊन आला की त्याला देशीपण अधिक स्पष्ट दिसू लागले असे म्हणायचे, आणि स्त्री जाऊन आली की तिचे देशीपण उडून गेले असे म्हणायचे, ही दोन मापे एकाच तराजूत ठेवली गेली आहेत एवढेच येथे नोंदवायचे आहे.

देशीवादाशी खरे भांडण याहून खोल आहे. मुळे, भूमी, वाढ या त्याच्या सगळ्या प्रतिमा एका जागी राहणाऱ्याच्या आहेत. मराठी समाजव्यवस्थेत एका जागी राहतो तो पुरुष. स्त्रीला वयात येताच, पूर्वी तर त्याही आधी, घर, आडनाव, बहुतेकदा नाव, कुलदैवत आणि स्वयंपाकाची चव बदलावी लागते. माहेर आणि सासर या दोन शब्दांच्या मध्ये जी जागा आहे तिच्यावर मराठी स्त्रियांनी जात्यावर बसून जेवढा विचार केला तेवढा कोणत्याही भाषेतील सिद्धान्तकारांनी विस्थापनावर केला असेल की नाही शंका आहे. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली आहे. त्यांपैकी केवढा मोठा भाग या मधल्या वाटेवर आहे हे चाळणाऱ्याला दिसते. अर्थात सासर आणि अमेरिका यांचे समीकरण मांडणे हा भाबडेपणा ठरेल. सासरी जाणारीला पारपत्र लागत नाही हे खरे, पण तिला परतीचे तिकीटही मिळत नाही. मुद्दा इतकाच की ‘मधल्या जागेचे’ तत्त्वज्ञान मराठीला बाहेरून आयात करावे लागत असेल तर ते आपल्याकडे नव्हते म्हणून नव्हे. ते बायकांकडे होते म्हणून.

आता आजच्या सिद्धान्ताकडे वळावे. मुंबईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या चंद्रा तळपदे मोहंती यांचा १९८४ मधील निबंध स्त्री-अभ्यासाच्या वर्गात अनिवार्य झाला आहे. पाश्चात्त्य स्त्रीवादी विद्वत्तेने ‘तिसऱ्या जगातील स्त्री’ अशी एक एकसाची, गरीब, अज्ञानी, परंपराग्रस्त बाहुली तयार केली, हे त्यांचे प्रतिपादन. त्यात त्या मारिया मीस यांच्या नरसापूर येथील लेस विणणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासाचा आदराने उल्लेख करतात, कारण तेथे स्त्रिया एका ठिकाणच्या, एका धंद्यातल्या, एका जातिव्यवस्थेतल्या आहेत. निबंध चोख आहे, आणि तो इंग्रजीत लिहिला जाणे अटळ होते, कारण तो ज्यांना उद्देशून आहे त्यांची भाषा ती आहे. तक्रार निबंधाबद्दल नाही. दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र मराठी विद्यापीठांनी आपल्याला आले आहे असे समजून फोडावे आणि वर्षानुवर्षे मोठ्याने वाचावे, तक्रार याबद्दल आहे. पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनी आपले चित्र चुकीचे काढले हे पाश्चात्त्यांना सांगणे हे एक काम. आपण मराठीत कोणाचे चित्र चुकीचे काढले हे आपल्याला सांगणे हे दुसरे. पहिले काम वाचून दुसरे झाले असे समजण्याची सोय आपण करून घेतली आहे.

गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मराठीत त्यांच्या १९८८ च्या निबंधाचे शीर्षक तेवढे पाठ असणाऱ्यांना ती ठाऊक नसते. त्या महाश्वेता देवींच्या भाषांतरकार आहेत. मूळ भाषेशी अत्यंत जवळीक असल्याखेरीज भाषांतर करू नये, या मताबद्दल त्या कोणाचीही भीड ठेवीत नाहीत. १९९५ मधील ‘इमॅजिनरी मॅप्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी हे पुस्तक भारत आणि अमेरिका अशा दोन्हीकडे तोंड करून उभे असल्याचे स्वतःच सांगितले आहे. हे प्रामाणिकपणाचे आहे. परंतु दोन दिशांना तोंड असले तरी जीभ एकच आहे, इंग्रजी. रमाबाईंच्या दोन पुस्तकांत दोन जिभा होत्या. भारतात इंग्रजी वाचणारा आणि अमेरिकेत इंग्रजी वाचणारा हे दोन वाचकवर्ग म्हणायचे तर म्हणता येतील; पण मराठी विभागात बी.ए. करून आलेली, इंग्रजी संदर्भग्रंथापुढे शब्दकोश उघडून बसणारी मुलगी त्या दोन्हींत नाही.

गेल ऑम्व्हेट यांनी याच कसोटीला उलट्या बाजूने उतरून दाखविले. मिनिआपोलिसमध्ये जन्म, बर्कलीची डॉक्टरेट, ब्राह्मणेतर चळवळीवरील १९७६ चा ग्रंथ, १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व, आणि सांगली जिल्ह्यातील कासेगावात २०२१ मध्ये मृत्यूपर्यंतचे वास्तव्य. त्यांचे मुख्य ग्रंथलेखन इंग्रजीत आहे. परंतु चळवळीच्या बैठकीत, मोर्च्यात आणि शेतकरी बायांपुढे त्या आयुष्यभर मराठीत उत्तरदायी राहिल्या. त्यांच्या कोणत्याही विधानाला समोरची बाई तिथल्या तिथे ‘असं नाही बाई ते’ म्हणू शकत होती. परदेशातील विद्वत्तेला ही सोय नसते, आणि ग्रंथालयात बसलेल्या देशी विद्वत्तेलाही नसते.

येथवरचे वाचून मराठीचा प्राध्यापक सुखावला असेल. इंग्रजीच्या वर्चस्वावरील टीका त्याला नेहमीच गोड लागते. म्हणून येथे जागा बदलून पाहणे आवश्यक आहे. पुणे किंवा मुंबई येथून न पाहता आशागडहून पाहावे.

आशागड हे डहाणू तालुक्यातील गाव, डहाणू रोड स्थानकाच्या पूर्वेस. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. या पट्ट्यातील वारली स्त्रीची भाषिक दिनचर्या पाहिली तर बहुभाषकत्व हा विद्यापीठीय गुण आहे ही समजूत टिकणार नाही. घरात वारली. दुकानदाराशी, आणि उंबरगाव किंवा वापीकडे कामाला गेल्यावर मुकादमाशी, गुजराती. चिकूच्या वाडीत मालक इराणी असेल तर त्याची गुजराती निराळी. बोईसरच्या कारखान्यात हिंदी. आणि शाळा, तलाठी, दवाखाना, पोलीस ठाणे, न्यायालय येथे मराठी. म्हणजे तिच्या आयुष्यात मराठी ही हुकमाची भाषा आहे. १९६० मध्ये राज्ये भाषेवर वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी-डहाणू महाराष्ट्रात राहिले. वारली वस्ती दोन्हीकडे राहिली. भाषावार प्रांतरचनेचा विजय म्हणून आपण जो क्षण साजरा करतो त्या क्षणी तिची भाषा कोणी विचारली नव्हती. एका बाजूच्या मुलीला शाळेत मराठी लागली, दुसऱ्या बाजूच्या मुलीला गुजराती, आणि दोघींना ती सारखीच परकी होती.

वारलीला मराठीची बोली म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. भाषाशास्त्रीय वर्गीकरण म्हणून त्यावर वाद होऊ शकतो. पण प्रघाताचा उपयोग कशासाठी होतो हे स्वच्छ आहे. बोली म्हटले की भाषांतराची गरज उरत नाही. भाषांतर नाही म्हणजे भाषांतरातील हानीचा प्रश्न नाही, आणि दोन संस्कृतींमधील जागेचा प्रश्न तर मुळीच नाही. न्यूयॉर्कमधील बंगाली प्राध्यापिकेला मधली जागा बहाल करणारी मराठी समीक्षा आशागडच्या पोरीला पहिलीच्या वर्गात कोणत्या दोन भाषांमध्ये उभे राहावे लागते हे पाहत नाही, कारण तिच्या मते तेथे एकच भाषा आहे: शुद्ध आणि अशुद्ध.

याच प्रदेशात मराठी साहित्यातील या प्रश्नावरचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक घडले. गोदावरी परुळेकर, पूर्वाश्रमीच्या गोखले, पुण्याच्या. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर. १९४५ मध्ये त्या किसान सभेच्या कामासाठी वारल्यांमध्ये आल्या. त्या वर्षीच्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी येथे वारल्यांची सभा भरली आणि वेठबिगारी व लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव सुरू झाला. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जमीनदाराकडे राबणे. यात स्त्रीच्या वाट्याला श्रमापलीकडचे काय येत असे हे सांगावयास नको. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला गोळीबार झाला आणि पाच आदिवासी मारले गेले. या सगळ्याचा वृत्तान्त गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये १९७० साली दिला, आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

वारल्यांनी त्यांना ‘गोदाराणी’ म्हटले. वाङ्मयेतिहासाने पुस्तकाला ‘आत्मपर’, ‘चळवळीचा दस्तऐवज’ म्हटले. पण ते आधी एका उच्चशिक्षित, बहुभाषक स्त्रीच्या परदेशप्रवासाचे पुस्तक आहे, आणि हा परदेश बोटीने जायचा नव्हता, आगगाडीने जायचा होता. पुण्याहून निघालेली ब्राह्मण वकील बाई डहाणूच्या जंगलात पोचते तेव्हा ती दुसऱ्या संस्कृतीत पोचते. तिला त्यांची बोली शिकावी लागते, त्यांच्या झोपडीत झोपावे लागते, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे त्यांनी आपल्याला भ्यायचे थांबावे यासाठी वाट पाहावी लागते, कारण पांढरपेशा मराठी बोलणारे माणूस म्हणजे त्यांच्या अनुभवात सावकाराचे किंवा सरकारचे माणूस. रमाबाईंच्या कसोटीवर या पुस्तकाला पूर्ण गुण देता येत नाहीत, हेही तेवढेच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. हिशेब दिला तो मराठी वाचकाला. वारलीत दिला तो सभांमधून, तोंडी. तो कागदावर नाही. त्या काळी वारलीत वाचणारे कोण होते, हा युक्तिवाद खरा आहे. पण १८८९ मध्ये मराठी वाचणाऱ्या स्त्रिया तरी किती होत्या? रमाबाईंनी वाचक मोजून पुस्तक लिहिले नव्हते.

याहून बोलके उदाहरण चित्रांचे आहे. वारली लग्नातील देवचौक लिहिण्याचे काम सुवासिनींचे आणि त्यासोबतचे विधीगीत म्हणण्याचे काम धवलेरीचे; लग्नच मुळी बायका लावतात. विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि कागदावरून परदेशी गेली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे थोर कलावंत होते, त्यांना २०११ मध्ये मिळालेला पद्म सन्मान उचित होता. त्यांच्या कलेबद्दल वाद नाही. पण एका संस्कृतीतून दुसरीत जाताना या कलेचे लिंग बदलले, याकडे संकराचा गौरव करणाऱ्या किती अभ्यासकांनी लक्ष दिले? भिंतीवर असेपर्यंत ती बायकांची होती आणि निनावी होती. कागदावर येताच तिला सही लागली, आणि सही बहुतेकदा पुरुषाची निघाली. मधली जागा सर्वांना सारखी मोकळी नसते. तेथे कोण पोचते हे आधीच ठरलेले असते, आणि सिद्धान्त मात्र पोचलेल्यांकडे पाहून रचला जातो.

मराठी विभागांनी यावर काही करायचे ठरविले तर त्यासाठी नवा सिद्धान्त लागत नाही. भाषांतराला संशोधनाचा दर्जा द्यावा लागतो. एखाद्या प्राध्यापकाने ग्रामीण वाचकासाठी मराठीत लिहिलेला दीर्घ निबंध आणि परदेशी नियतकालिकात इंग्रजीत छापलेला टिपणवजा लेख यांतील गुणांकनाची दरी बुजवावी लागते. परदेशस्थ अभ्यासिका व्याख्यानाला आल्या तर त्यांना मराठीत बोलण्याची विनंती करण्याचे धैर्य दाखवावे लागते, आणि त्या अडखळल्या तर हसू आवरावे लागते. आजवर आपण त्यांच्या अडखळण्याला हसलो आणि त्यांच्या इंग्रजीला टाळ्या वाजविल्या. त्यांनी मराठीत लिहू नये यासाठी याहून अधिक काय करता आले असते?

आणि आशागडची मुलगी. ती आज एम.ए.ला येते, क्वचित पीएच.डी.लाही येते. विषय बहुधा तिच्यासाठी ठरलेलाच असतो: वारली लोकगीतांचा अभ्यास. ती आपल्याच आईच्या, आत्याच्या, गावच्या धवलेरीच्या तोंडची गीते उतरवून घेते, प्रमाण मराठीत त्यांचा अर्थ देते, मराठीत विवेचन करते, मराठीत मौखिक परीक्षा देते. प्रबंधात उत्तर-वसाहतवादावर एक प्रकरण असते, त्यात स्पिव्हाक असतात, भाभा असतात. मूळ वारली गीते परिशिष्टात जातात. त्यांच्याखाली धवलेरीचे नाव बहुधा नसते. ‘निवेदक : स्त्री, वय सुमारे ६०, निरक्षर’ एवढेच असते.